तंतू आधी, पटल नंतर?

सेप्टिन या प्रथिनाचे तंतू पेशीद्रवात तयार होतात आणि मग पेशीच्या पटलाला (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला) जाऊन चिकटतात, हे लेखातील विधान मला पटले नाही. यीस्टवरील २०१४ च्या संशोधनात चित्र नेमके उलटे दिसते. पेशीद्रवात असतात ते आठ रेणूंचे, सुमारे ३२ नॅनोमीटर लांबीचे आखूड दंड. पटलावर टेकले की त्यांचा वावर पृष्ठभागापुरता उरतो, एकमेकांशी गाठ पडण्याची शक्यता कैकपटींनी वाढते आणि टोकाला टोक जुळत तंतू लांबत जातो.

काचेवर पसरलेल्या लिपिडच्या (पटल ज्याचे बनते त्या स्निग्ध द्रव्याच्या) थरावर हे घडताना मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहे: दोन तोकड्या रेघा सैरभैर फिरत एकमेकींना टोकाशी भिडतात आणि चित्रफितीच्या पुढच्या चौकटीत एकच लांब रेघ उरते. गैरसमजाचे मूळ बहुधा परीक्षानळीत असावे, कारण द्रावणातील क्षार कमी केले की शुद्ध केलेले सेप्टिन पटलाविनाही तंतू बनवते. मात्र तेथे त्याची संहती पेशीतल्यापेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. लेखकाने दिलेला एफटीएसझेड या जिवाणूंच्या विभाजनातील तंतू बनवणाऱ्या प्रथिनाचा दाखलाही येथे लागू पडत नाही, कारण ते प्रथिन पटलाला स्वतः धरतच नाही, ई. कोलाय या जिवाणूमध्ये ते काम एफटीएसए आणि झिपए ही दुसरी प्रथिने करतात.