परत फ्री थ्रोनंच घात केला!

परत तेच! बास्केटबॉलची मॅच ओव्हरटाइममध्ये एका गुणानं हरलो. यंदाची ही तिसरी वेळ, आणि तिन्ही वेळा घात केला तो फ्री थ्रोनंच, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीनं. अरे, आडवा हात घालायला समोर कुणी नसतंय, बोर्डापासून 4.6 मीटरवर उभं राहून निवांत टाकायचा बॉल! काल शेवटच्या 8 सेकंदांत दोन मिळाले. पहिला रिंगवर फिरून बाहेर, दुसरा जाळीला घासून खाली. 40 मिनिटं जीव तोडून बरोबरी साधली, वर 5 मिनिटं धावली पोरं, आणि हातात काय?

त्याहून जास्त चीड येते ती आपल्याच माणसांची. टिळकवाडीत चहाच्या टपरीवर लगेच सुरू, "रेफरीनं खाल्लं की मॅच!" काय खाल्लं? आपला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा गडी, पाचव्या फाउलवर बाहेर गेला तो हात मारूनच, मी पुढच्या रांगेतून बघितलंय. आणि थ्रो चुकवलेल्या पोराला शिव्या कशाला? खानापूरहून पहिल्या बसनं सरावाला येतोय तो. काल टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता, उठवेना.

कोच सर, हात जोडून सांगतो, सराव संपताना, पाय थकलेले असतानाच प्रत्येकाकडून पन्नास फ्री थ्रो टाकून घ्या. शनिवारी परत मॅच आहे.