स्वस्त फी म्हणजे सोपी वाट नव्हे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांविषयी, म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयांविषयी, एक विधान आपल्याकडे वारंवार फिरते: “तिथे फी नाममात्र, प्रवेश सर्वांना खुला, दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाण्याची सोय; तरीही मागे राहतो तो आळशीच.” यातला खुल्या प्रवेशाचा भाग खरा आहे. 1901 मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेल्या या परंपरेचे ते मोठेपण निःसंशय मान्य केले पाहिजे. बाकीचे विधान मात्र तपासणीत टिकत नाही.

पहिला मुद्दा फीचा. वर्षाची सरासरी फी सुमारे 4,000 डॉलर असली, तरी घरभाडे, जेवण, पुस्तके आणि प्रवास धरता खर्च 20,000 डॉलरच्या आसपास जातो. गरीब विद्यार्थ्याची फी बहुधा ‘पेल ग्रँट’ या सरकारी अनुदानातून भागते. तो अडतो उरलेल्या खर्चापाशी. शिधासाहाय्य हवे असेल, तर ठरावीक सवलतींत न बसणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्याला किमान 20 तास काम करावे लागते. गोदामातली रात्रपाळी सकाळी सहाला संपवून, दोन बस बदलून आठच्या प्रयोगशाळेच्या तासाला पोहोचणाऱ्या मुलीची कामाची पाळी मुकादम आयत्या वेळी बदलतो. परीक्षेची तारीख मात्र बदलत नाही.

दुसरा मुद्दा विद्यापीठात जाण्याच्या सोयीचा, आणि सर्वांत मोठी दिशाभूल इथेच आहे. चार वर्षांच्या पदवीपर्यंत जाण्याची इच्छा या विद्यार्थ्यांपैकी जवळपास 80 टक्के जण बोलून दाखवतात. सहा वर्षांत ती पदवी मिळते सुमारे 16 टक्क्यांना. उत्तम गुणांनी पूर्ण केलेला विषय नवे विद्यापीठ पुष्कळदा केवळ ऐच्छिक म्हणून धरते आणि मुख्य शाखेसाठी तोच पुन्हा शिकायला लावते, म्हणजे फी दोनदा आणि वर्षही दोनदा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, 2004 ते 2009 या काळात संस्था बदललेल्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांची सरासरी 43 टक्के क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) वाया गेली.

नोकरीची वाट इंटर्नशिपमधून जाते, असेही सांगितले जाते. बिनपगारी इंटर्नशिप करण्यासाठी पगाराची पाळी सोडायची, तर त्या महिन्याचे भाडे कोण भरणार?

राहिला आळस. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 2007 मध्ये ‘असॅप’ हा उपक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर बस-रेल्वेचा पास, पुस्तकांसाठी मदत, अनुदानानंतर उरलेली फी, आणि नाव ओळखून विचारपूस करणारा सल्लागार, असे साहाय्य त्यात होते. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, उजळणीचे वर्ग लागणाऱ्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून अभ्यास झाला, तेव्हा तीन वर्षांत साहाय्य मिळालेल्यांपैकी 40 टक्के आणि न मिळालेल्यांपैकी 22 टक्के दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. हा फरक आळसाच्या खात्यावर मांडता येत नाही.