टॅब की लॅपटॉप? आधी मूल वाचणार की लिहिणार ते ठरवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी हीच चर्चा: पोराला टॅब घ्यावा की लॅपटॉप? बजेट बहुतेकांचं पंधरा ते वीस हजार. तेवढ्यात दोन्ही मिळतात आणि दोन्हींत फसगतही होते. माझं मत आधीच सांगून टाकतो. आठवीपर्यंत टॅब. नववीपासून पुढे लॅपटॉप, आणि तोही कंपन्यांनी वापरून बाहेर काढलेला, जुना पण दणकट. टॅब वाचायला चांगला, लॅपटॉप लिहायला. लहान पोरं वाचतात, मोठ्यांना लिहावं लागतं.

टॅब घेताना लोक रॅम विचारतात, पडदा कुणी विचारत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण त्यांचं पान मोठं असतं. आठ इंची टॅबवर प्रत्येक परिच्छेदाला बोटांनी पान मोठं करावं लागतं, मग पोर वैतागतं आणि व्हिडिओकडे वळतं. दहा-अकरा इंचच घ्या. रिझोल्यूशन १२८०×८०० असेल तर बारीक अक्षरातलं ‘राष्ट्र’ किंवा ‘उद्ध्वस्त’ फासल्यासारखं दिसतं. १९२०×१२०० वर तेच जोडाक्षर सुटं, स्वच्छ वाचता येतं. रोज दोन तास वाचणाऱ्या डोळ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. रॅम ४ जीबी चालेल, साठवण ६४ जीबी आणि मेमरी कार्डाची खाच हवी. सिमवाला टॅब थोडा महाग पडतो, पण घ्या. नुसता वायफायचा टॅब घेतलात तर बाबांचा फोन घरात असेल तेव्हाच पोराचा अभ्यास. आणि वाडीत रेंज नसेल तर एकदा सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळ पठारावर, जाऊन पुस्तकं उतरवून आणली की महिनाभर नेट लागत नाही.

आता लिहिण्याचं. अकरावी-बारावीच्या आयटी विषयात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी असतं. टॅबवर त्याचा सराव करणं म्हणजे नुसती ओढाताण. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला खरा कीबोर्डच लागतो. एमएचटी-सीईटी संगणकावर होते, तिथे हातात माऊस असतो, आणि ज्याने कधी माऊस धरलेला नाही त्याची पहिली पाच मिनिटं फुकट जातात. शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे फॉर्म भरताना फोटो अमुक केबीत, दाखला तमुक केबीत, अशी अट असते. लॅपटॉपवर ते पाच मिनिटांचं काम, टॅबवर चार ॲपं उतरवावी लागतात. टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड जोडून लॅपटॉप होतो, असं दुकानदार सांगतात. पत्र लिहिण्यापुरता होतो, पुढे नाही.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते नव्या कोऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये. सेलेरॉन म्हणजे इंटेलचा हलका प्रोसेसर, ४ जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली, आणि साठवण ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे मोबाइलच्या जातीची चिप. विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे. किमान अट म्हणजे मशीन सुरू होईल एवढंच. अपडेट आलं की जागा भरते, अपडेट अर्धवट अडकतं, मशीन दिवसभर रखडत राहतं. रॅम वाढवता येत नाही, चिप बदलता येत नाही. नवीन आहे, वॉरंटी आहे, पण संथपणाला वॉरंटी लागू होत नाही. दोन वर्षांत तो माळ्यावर जातो, आणि ज्या घराने पै-पै जमवून तो घेतला त्यांना वाटतं की पोरालाच वापरता येत नाही. याचा मला खरोखर राग येतो.

तेवढ्याच पैशात लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० किंवा एचपीच्या एलिटबुक ८४० जी५ च्या तोडीचं जुनं मशीन मिळतं: इंटेलचा आय५ प्रोसेसर, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण. रॅम आणि एसएसडी दोन्ही बदलता येतात. पिढी मात्र डोळ्यांनी तपासा. आय५ नंतरचा आकडा ८२५० असेल तर आठवी, ६३०० असेल तर सहावी. सातवीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. स्वस्तात मिळणारा जुना लॅपटॉप बहुधा याच सहाव्या-सातव्या पिढीतला असतो.

दुकानात उभं राहूनच तपासा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम डकवलेली आहे. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ टाइप करून एंटर मारा आणि तयार झालेली फाइल उघडा. डिझाइन कपॅसिटी ४५,००० आणि फुल चार्ज २७,००० असेल तर बॅटरी साठ टक्के उरली. त्याखाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. शेवटी झाकण मिटून टेबलावर ठेवा आणि बाजूने बघा. मशीन डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेला असेल तर आत बॅटरी बहुधा फुगलेली आहे. तो फुकट दिला तरी घेऊ नका.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, खारी दमट हवा. पावसाळ्यानंतर चार्जिंगच्या टाइप-सी पोर्टाच्या तोंडात टॉर्च मारून बघा, पिनांवर हिरवट बुरा दिसू शकतो. मीठ, ओल आणि वीज एकत्र आली की तांबं झपाट्याने खाल्लं जातं, म्हणून ओल्या हातांनी किंवा दमट पोर्टात चार्जर लावूच नका. बुरा आला तर मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. पिन किंवा टाचणी घालू नका. जून ते सप्टेंबर मशीन रोज अर्धा तास तरी चालवा, त्याच्या ऊबेनेच ओल निघते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलं तर आतली ओल आतच राहते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर गरम करा, पुन्हा निळे होतात. तांदळात मात्र ठेवू नका, त्याची पूड पोर्टात जाते.

विजेच्या बाबतीत टॅब उजवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात वीज किती दिवस नव्हती ते लोक विसरलेले नाहीत. टॅब दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर जवळजवळ एकदा पूर्ण चार्ज होतो, लॅपटॉपची बॅटरी टॅबच्या दीड-दोन पट मोठी असते. म्हणून लॅपटॉप यूएसबी-सीने चार्ज होणारा बघा, म्हणजे अडीनडीला मोठ्या पॉवर बँकेवरही भागेल, आणि विकत घेण्याआधी त्याच पोर्टात चार्जर लावून खात्री करा. मेटलच्या मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा प्लगला अर्थिंग नाही. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालू नका. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

मे आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की लोक चार्जर काढतात, पण केबलवाल्याची खांबावरून आलेली तांब्याची लॅन वायर तशीच राहते. राउटरचा अडाप्टर आणि ती वायर, दोन्ही काढून ठेवा. स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका, जवळ पडलेली वीज तो अडवत नाही.

मुंबईहून चाकरमानी लॅमिंग्टन रोडवरून लॅपटॉप घेऊन येणार असेल तर गणपतीच्या आठवडाभर आधीच घ्यायला सांगा, म्हणजे काही बिघडलं तर निघण्याआधी बदलून मिळेल. बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि बॅटरीची वेगळी वॉरंटी लिहून घ्यायला लावा.