चार बोटं कमी

माझ्या हातांची बोटं पायांच्या बोटांना लागत नाहीत. चार बोटं कमी पडतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे ही गोष्ट घरात राहिलेली बरी होती. काल सकाळी पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर ती चव्हाट्यावर आली, तीही पेशंटसमोर.

पेशंट ५८ वर्षांच्या, मांडीचे मागचे स्नायू आखडलेले. दहा मिनिटं चालवून अंग गरम केलं, मग बाकाच्या कडेला बसवलं. एक पाय सरळ, टाच वाळूत, पाठ ताठ, वाकायचं ते खुब्यातून. ओढ जाणवली की थांबायचं, दुखेपर्यंत जायचं नाही. ३० सेकंद धरायचं, असं तीनदा.

बारा-तेरा सेकंद झाले असतील. बनियन-बर्म्युडातले एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. हातात बांगडे मासळीची पिशवी.

"कितें गो बाय, हा व्यायाम की श्राद्धाचं आचमन?"

पिशवी बाकाला अडकवली आणि सुरू झाले. खाली-वर, खाली-वर, वीस झटके, मोठ्याने मोजत. गुडघे वाकलेले, पाठ सुंगटासारखी गोल, पण बोटं टेकली. विसाव्या झटक्याला तर तळवे टेकले.

मी शांतपणे सांगितलं, की झटका दिला की स्नायूतलं संवेदक मज्जारज्जूला कळवतं आणि स्नायू स्वतःला वाचवायला उलट आवळतो. म्हणजे ज्याला सैल करायचं त्याच्याशीच रस्सीखेच. शिवाय तुमची बोटं टेकली ती गुडघ्यांच्या आणि कमरेच्या कृपेने. मांडीमागचा स्नायू होता तिथेच आहे.

"ते असू दे. टेकली का नाही? आता तुम्ही दाखवा."

पेशंटही बघायला लागल्या. मी वाकले. चार बोटं कमी.

"पैसे घेता ना ह्याचे?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

हात आखूड आणि पाय लांब असले तर स्नायू सैल असूनही बोटं पोचत नाहीत, हे मी सांगितलं. पण तोवर बांगड्यांपाशी कुत्रा आला होता, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे.

व्यायामालाही मात्रा असते हो. किती दिवस, किती जोर, किती वेळ, कोणता प्रकार, आणि हळूहळू वाढवायचं कसं. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, दोन-तीन दिवस स्नायू ताणण्याचे. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. मिरामारला मात्र अख्खं महापालिकेचं राजकारण एका दमात बोलून होतं, वर भजनही म्हणता येईल अशी चाल. त्यांना कुणी अडवत नाही. रक्तदाबाची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कुणी बदलत नाही. बदलतात म्हणा, तेही पाहिलंय. पण निदान लपवून तरी बदलतात! व्यायाम म्हटला की बनियनवाला प्रत्येक माणूस तज्ज्ञ, आणि सहा वर्षं घासून आलेली मी आचमनवाली.

आज सकाळी पेशंटचा फोन. कंबर धरलीय. घरी जाऊन वीस झटके मारले होते.

"मग आता बंद केलंत ना?"

"हो मॅडम. आज पंधराच मारले."