नाशिक 'उरकणारे' पाहुणे

"आम्ही गाडीने काश्मीरला निघालोय. दोन तासांत नाशिक उरकू, तू फक्त सोबत ये!" सुट्ट्या लागल्या की असा फोन येतोच. अहो, उरकायला ते काय घरकाम आहे?

त्यात गाडी कोणती, तर रणगाड्याएवढी. ती म्हणे काळारामाच्या दारापर्यंत न्यायची! पंचवटीच्या गल्ल्यांत समोरून रिक्षा आली तरी श्वास रोखून धरावा लागतो. रामकुंडाजवळ पार्किंग शोधण्यातच अर्धा तास जातो आणि वर मलाच ऐकवणार, "तुमच्याकडे फार ट्रॅफिक बुवा." मग त्र्यंबकेश्वर 'पटकन' करायचं असतं. एकीकडून तीसेक किलोमीटर, शिवाय दर्शनाची रांग. पटकन!

आणि पांडवलेणी? मुंबई-आग्रा हायवेला अगदी लागून, 24 लेणी, गौतमीपुत्र सातकर्णी राजाच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख, सातवाहनांचा सगळा थाट. पण "पायऱ्या आहेत का? मग राहू दे." मिसळीसाठी तासभर ताटकळायला मात्र यांचे गुडघे ठणठणीत!

परवा एका मावसभावाने द्वारका चौकातल्या जाममधूनच स्टेटस टाकलं, 'नाशिक दर्शन झालं.' पुढचे आले की मी गावाला गेलोय म्हणून सांगणार.