बाराशे रुपये कशाचे, विचारणाऱ्या काकांसाठी

सकाळपासून तीन ग्रुपवर तीच रील. भूतानच्या परमिट काउंटरवर आपले एक मराठी काका हुज्जत घालताहेत, "जगातला सर्वांत सुखी देश ना तुमचा? मग माणशी रोज बाराशे कशाचे?" समोरची मुलगी भारतीय पर्यटकाला रात्रीमागे पडणाऱ्या शुल्काची पावती शांतपणे पुढे करते. मागे सगळे हसतात. खाली कमेंटींचा पाऊस: लुटारू, लुटारू.

आधी ते 'सर्वांत सुखी' डोक्यातून काढा. २०१९च्या जागतिक आनंद अहवालात भूतान ९५वा होता. त्यांचा तो सकल राष्ट्रीय आनंद म्हणजे ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशकांची मोजणी आहे, सरकारी नियोजनासाठी. त्याचं पोस्टर आपण आणि आपल्या टूरवाल्यांनी केलं.

आता काकांचा हिशोब. दोन मोठे, एक नऊ वर्षांचं पोर, एक चार वर्षांचं, चार रात्री. मोठ्यांचे ९,६००. सहा ते बारा वयाला निम्मं, म्हणून २,४००. सहाच्या आतलं फुकट. झाले १२,०००. त्याच रांगेतला जर्मन माणूस रात्रीला १०० डॉलर भरतो, आणि २०२२-२३मध्ये २०० भरत होता. आपल्याला तर २०२२च्या सप्टेंबरात सीमा पुन्हा उघडेपर्यंत काहीच पडत नव्हतं. म्हणजे लुटलं कोणाला?

या देशाकडे विकायला आहे काय? २०१७च्या जनगणनेत माणसं ७,२७,१४५. सोलापूर शहर २०११लाच याच्या पुढे होतं. क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किमी, कोकणाहून थोडं मोठं, पण सगळं उभं. साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायची, हे राज्यघटनेतच आहे. पिकाखाली शंभरातली जेमतेम तीन. उपचार आणि शाळा मात्र नागरिकांना फुकट. २०१९ला तीन लाखांवर पर्यटक आले, बहुतेक आपलेच. सातशे माणसांच्या गावात वर्षभरात तीनशे पाहुणे उतरल्यासारखं.

मग उरतं पाणी, म्हणजे जलविद्युत प्रकल्प. चुखा ३३६ मेगावॉट, ताला १,०२०, मांगदेछू ७२०. पैसा भारताचा, गिऱ्हाईकही भारतच. चुखाला ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, तेही ५ टक्के व्याजाने. मांगदेछूपर्यंत येता येता गणित उलटलं: अनुदान ३०, कर्ज ७०, व्याज १० टक्के. हे आपल्या देशभक्त ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही. हो, वीज विकत घ्यायची हमीही भारतानेच दिली, तेवढं कबूल.

आणि हे प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मागे कोयनेसारखा साठा नाही. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात वर बर्फ गोठला की निर्मिती पाचव्या हिश्शाच्या आसपास येते. मग जानेवारी ते मार्च तीच वीज भारताकडून विकत घ्यायची. पुनात्सांगछू-१ हा प्रकल्प तर दुखणंच होऊन बसला. १,२०० मेगावॉट, मूळ खर्च साधारण ३,५१५ कोटी. धरणासाठी पाया खणताना उजव्या काठाचा डोंगर सरकू लागला. २०१३च्या जुलैत मोठी घसरण झाली, आणि खर्च ९,००० कोटींच्या वर गेला. कर्ज मात्र घसरत नाही, काका.

बरं, आता माझा राग तिकडे वळतो, कारण भूतानही काही गरीब गाय नाही.

१९८८ला दक्षिणेकडच्या नेपाळी भाषकांची, ल्होत्शाम्पांची, जनगणना झाली. १९५८ साली तुम्ही इथे होता याचा पुरावा मागितला, म्हणजे त्याच वर्षाची जमीनमहसुलाची पावती. १९५७ची किंवा १९५९ची चालायची नाही, असं कित्येकांनी सांगून ठेवलंय. मग एफ-१ ते एफ-७ असे सात वर्ग. एफ-१ अस्सल भूतानी, एफ-७ परके, आणि एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या वर्गात. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांतली लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर पडून नेपाळच्या झापा-मोरंगमधल्या छावण्यांत जाऊन पडली. पुढे बहुतेकांना अमेरिकेने आणि इतरांनी घेतलं. भूतानने दार उघडलं नाही. लहान देशाला संस्कृती बुडायची भीती असते, सिक्कीमचं विलीनीकरण शेजारीच झालं होतं, मान्य. तरी पावतीवर माणूस ठरवायचा? काका निदान पावती घेऊन आत तरी गेले.

आणि आज त्याच देशाला माणसं पुरत नाहीत! २०२२ला तरुणांतली बेकारी २८.६ टक्क्यांवर गेली, आणि पोरं देश सोडू लागली. (पुढच्या वर्षी खाली आली, ठीक आहे. पण गेलेली पोरं बेकारांत मोजलीच जात नाहीत ना.) शिक्षक, नर्स, कारकून ऑस्ट्रेलियाला, त्यातही पर्थला. रस्ता ठरलेला: इंग्रजीची परीक्षा, एकाने कॉलेजात नाव घालायचं, दुसऱ्याने जोडीदाराच्या व्हिसावर कामाला लागायचं. गावात मागे राहतं 'गुंगतोंग', म्हणजे कागदावर असलेलं पण कुलूप लागलेलं घर. शेजारच्याचंही मरण, कारण पाट काढायला हात नाहीत आणि पडीक शेतातून रानडुकरं त्याच्या भातात येतात. बाईमागे सरासरी मुलं २०१७लाच १.९ होती.

आता दक्षिणेत गेलेफूला नवं शहर उभारताहेत, डिसेंबर २०२३मध्ये राजाने जाहीर केलेलं. आसामातल्या कोक्राझारहून ६९ किमीची रेल्वे यायची आहे. गेलेफू सारपांग जिल्ह्यात येतं. तिथूनही ल्होत्शाम्पांची गावं उठवली होती. वाचून गप्प बसलो.

त्या काउंटरवरच्या मुलीकडे मी रील थांबवून पुन्हा पाहिलं. बाविशीची असेल. काका ओरडताहेत, ती पावतीवर शिक्का मारतेय. पुढच्या वर्षी ती तिथे असेल की पर्थच्या एखाद्या वृद्धाश्रमात रात्रपाळीला, कोणास ठाऊक.

जाणार असाल तर: आधार कार्ड चालत नाही. मतदार ओळखपत्र किंवा सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट घ्या, पोरांचे जन्मदाखले इंग्रजीतले. आणि बाराशे मुकाट भरा.