वाळवणं आता फेब्रुवारीतच उरका

कुरडया-पापडांचा मुहूर्त अजूनही बहुतेक घरांत परीक्षा संपल्यावरच निघतो. मुलं मोकळी, ऊन कडक, गच्ची रिकामी. म्हणजे एप्रिलची अखेर नाहीतर मे. हा हिशोब आता चुकायला लागलाय. २०२५ चा मे आठवा. दिवसेंदिवस अवकाळी, आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत हजर. त्याची नेहमीची तारीख ११ जून. त्याच वर्षीचा फेब्रुवारी मात्र देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ऊन आता लवकर येतंय आणि आपण अजून मेची वाट बघतोय!

मुळात वाळवण नुसत्या उन्हाने वाळत नाही, कोरड्या हवेने वाळतं. पारा ४० वर असला तरी आभाळ भरून आलं आणि वारा पडला, तर कुरडईतलं पाणी जाणार कुठे? वरून कडक, आतून ओली. डब्यात भरली की पंधरा दिवसांत बुरा. म्हणून तापमान बघत बसू नका, मोबाईलवर दुपारी दोन-तीनची आर्द्रता बघा. सलग दोन दिवस ती ४० टक्क्यांच्या खाली असेल तर खुशाल कामाला लागा. नागपूरकडे हे सोपं आहे. मुंबई-कोकणात तो आकडा सहज भेटत नाही, तिथे निदान वाऱ्याचा दिवस तरी निवडा.

सगळ्यात जास्त फसते ती कुरडई, कारण तिला मध्येच थांबवता येत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरची निवळी ओतून शिजवायचा, मग दोन-तीन दिवस ऊन. म्हणजे गहू भिजत घातल्यापासून आठवडा गेला. पावसाचा अंदाज भरवशाचा असतो तो तीन-चार दिवसांचा. उरलेले तीन दिवस देवाच्या हवाली.

यावर उपाय एकच: पाच किलोचा घाणा घालू नका, किलो-किलोने करा. मार्चमध्येसुद्धा. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यात गारा पडल्या होत्या, हे विसरायला नको. चीक बसल्यावर आभाळ आलं तर शिजवायची घाई नको. निवळी बदलून, चिकावर दोन बोटं ताजं पाणी ठेवून पातेलं फ्रीजमध्ये ढकला. एक-दोन दिवस निघतात. एकदा शिजला की मात्र कुरडया घालण्यावाचून गत्यंतर नाही.

भिजवण्याचे तीन दिवस ही जुन्या हवेची शिकवण आहे. चाळिशीच्या उन्हात गहू दोनच दिवसांत तयार होतात. दाणा चिमटीत दाबला आणि दूध सुटलं की बास. पाणी दिवसातून दोनदा बदला. आंबट वास येईपर्यंत थांबलात तर कुरडई तळल्यावर तांबूस निघते, मग गव्हाला नावं ठेवतात. शिजवताना एक भांडं चिकाला एक भांडं पाणी; पाणी उकळल्यावर मीठ-हिंग घालून चीक बारीक धारेने सोडायचा आणि हात थांबवायचा नाही.

घातल्यावर पाऊस आलाच तर? वर प्लॅस्टिक टाकून झाकणं ही सगळ्यात वाईट युक्ती. आतल्या आत घाम सुटतो. घरात सुती साडीवर एकेरी पसरा, वर पंखा फुल. ओव्हन असेल तर ६० अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून. आणि ऊन असलं तरी संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं आत घ्यायचं. फेब्रुवारीत रात्री गार असतात, तेव्हा तर हमखास. त्या उन्हात एक दिवस जास्त लागतो, हे मान्य. पण चीक लवकर आंबत नाही हा फायदा मोठा आहे.

उडदाच्या पापडांचं उलट. ते सावलीचं काम. आताच्या उन्हात अर्धा तास जास्त राहिले की कडा वळतात, मग चिरा, आणि डब्यात भुगा.

बचत गटाच्या बायकांना हे सगळं केव्हाच कळलंय. एक घाणा पावसात गेला की गहू, गॅस आणि चार जणींची मजुरी पाण्यात. तरी कुरडई महाग म्हणून त्यांच्याशी घासाघीस करणारे आपणच.

पापडाचा भुगा झाला तर तो वाया जातो एवढंच. मिरचीचं तसं नाही. भिजलेली मिरची वरून लालभडक दिसते आणि आत देठाजवळ करडी बुरशी धरते. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते भाजल्यानेही पुरतं जात नाही. मसाल्याची मिरची घेताना मूठभर कानाशी हलवा, बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग पाच-सहा मोडून आत बघा. एकीत जरी करडा कापूस दिसला, तरी ते पोतं घेऊ नका, दुकानदार कितीही कमी करो.